विट्याच्या मिसळीचं वजन

सांगलीचे रंगराव पैलवान कुस्ती सोडून मिसळीत उतरले आणि बघता बघता त्यांच्या नावाच्या बावीस फ्रँचायझी उभ्या राहिल्या. वर्षाच्या सभेत त्यांनी चांदीची गदा टेबलावर ठेवली आणि गरजले, "ज्याचा गल्ला सगळ्यात जास्त, त्याला गदा. ज्याचा सगळ्यात कमी, त्याची पाटी उद्या खाली!"

आकडे वाचले गेले. पुणे पहिलं, रोजचे ऐंशी हजार. विटा शेवटचं, रोजचे बारा हजार. विट्याचं दुकान चालवणाऱ्या वनिता तोडकर ताडकन उभ्या राहिल्या.

"पैलवान, तुमच्या मागं भिंतीवर फोटो आहे, तो कुठल्या कुस्तीचा?"

रंगरावांची छाती फुगली. "सत्तावन्न किलो गट! जिल्ह्यात पहिला!"

"मग त्या दिवशी शंभर किलोवाल्याशी का नाही लढलात?"

"अहो, असं कुठं असतं का? आधी वजन करतात, मग जोड लावतात!"

"मग आमचंही वजन करा की! पुण्यात चाळीस टेबलं, माझ्याकडं चार. त्यांचं एक टेबल दिवसाला दोन हजार मिळवतं, माझं तीन हजार!"

सभेत शिट्ट्या घुमल्या. रंगराव खदखदून हसले आणि स्वतः गदा घेऊन वनिताताईंच्या खांद्यावर ठेवायला आले.

वनिताताईंनी हात जोडले. "गदा नको, पैलवान. तेवढा शेजारचा रिकामा गाळा मिळवून द्या. पुढच्या वर्षी वरच्या गटात उतरते!"