परतीची दुसरी वाट

भैरोजीराजांनी हवापालटाला जायचं काढलं आणि दिवाण अप्पाजीपंतांनी कपाळाला हात लावला!

राजांची फर्माइश अशी: चार दिवस घाटमाथ्यावरच्या कोरपुरात राहून तिथली तळी आणि बागा बघायच्या. मग घाट उतरून चार दिवस लाटबंदरला समुद्राची हवा खायची. वाटेत धबधबा, देवराई, कडे, जे जे देखणं असेल ते बघत जायचं. इथवर सगळं झकास! पण शेवटची अट ऐका.

"जाताना पाहिलेलं येताना पुन्हा दिसता कामा नये! शिळं अन्न मी खात नाही, मग शिळा डोंगर का बघू?"

"पण सरकार, घाटाला वाट एकच आहे. दोन्ही अंगांना सरळसोट कडे!"

"मग दुसरी खणा! आंबेखिंडीची सगळी माणसं वेठीला धरा!"

आंबेखिंड म्हणजे घाटाच्या वरच्या तोंडाशी असलेलं गाव. भात कापणीला आलेलं, हात लावला की दाणा झडेल असं. आता बाप्ये-बाया सगळे कुदळी घेऊन कड्यावर गेले, तर कापणार कोण आणि वर्षभर खाणार काय? धाकू वाटाड्याची लेक भागी हे ऐकून आधी रडली, मग रडू आलं म्हणून चिडली, आणि पदर खोचून थेट राजांसमोर उभी राहिली.

"महाराज, एक कुदळ न मारता परतीची दुसरी वाट देते!"

"कुठे आहे ती?"

"ती सांगायची नसते जी, दाखवायची असते."

"आणि पाहिलेलं काही दिसलं तर?"

"महाराजांनी नुसतं बोट दाखवून 'हे पाहिलंय' म्हणावं. पहिली कुदळ माझा बा मारील! पण तसं म्हणता नाही आलं, तर आंबेखिंडीची वेठ कायमची माफ!"

"भागे, जीभ आवर!" मागून धाकू कळवळला.

"कबूल!" राजे म्हणाले. त्यांना पैजेचा भारी नाद!

कोरपूर मजेत झालं. पाचव्या दिवशी सकाळी पालखी घाट उतरू लागली, पुढे भागी आणि धाकू. माथ्यावरच्या ओढ्यात राजांनी पाय सोडले, दोन वाट्या खरवस हाणला आणि ओढ्याला नावं ठेवली, "एवढासाच होय!" पुढे पंत म्हणाले, "सरकार, जरा मागे बघावं, काय कडा आहे!" राजे ताठच!

"पंत, निघालेल्या माणसाने मागे वळून बघायचं नसतं. अपशकुन होतो!"

राजांची ही खोड साऱ्या मुलखाला ठाऊक होती. भागी पुढे चालत राहिली.

लाटबंदरला राजे शिंपले वेचत आणि सोलकढी पीत चार दिवस रमले. पाचव्या दिवशी दुपार कलताना पालखी परत घाटाच्या पायथ्याशी आली. धाकू लेकीच्या कानाशी लागला.

"अगं, दुसरी वाट कुठाय?"

"बा, गप चाल!"

पहिलंच वळण घेतलं आणि राजे पालखीत अर्धे उठले. "अरे वा! हा कुठला डोंगर? किल्ल्यासारखा उभा!" दुसऱ्या वळणावर तर पालखीच थांबवली. तीन टप्प्यांनी पाणी कोसळत होतं. "पंत, हा धबधबा जाताना का नाही दाखवला?" पंतांनी पगडी सावरली. देवराईचीही तीच गत. उन्हं उलट्या बाजूने आत शिरलेली, राजे नुसते वा वा करत होते.

माथा आला. "शाबास पोरी! दुसरी वाट होती तर! आणि पंत, तुम्ही म्हणत होता वाट एकच!"

पंतांना राहवेना. "सरकार, ही तीच वाट आहे!"

राजांचा चेहरा लालबुंद झाला. भोई थबकले. धाकूने हात जोडले.

"फसवलंस मला?"

भागी पालखीसमोर येऊन उभी राहिली. "फसवलं कसं जी? जो धबधबा बघून महाराज थांबले, त्याच्याच डोक्यावर बसून खरवस खाल्ला होता. ओळखला का?"

"नाही!"

"आमच्यात पोराला पहिलं हेच शिकवतात, जाताना दर वळणाला मागे बघ, नाहीतर येताना वाट ओळखणार नाहीस. महाराजांनी मान वळवलीच नाही, म्हणून डोंगराची ही बाजू कोरी राहिली. तीच आज ताटात वाढली. यात शिळं काय होतं, तेवढं बोट दाखवून सांगा!"

राजांनी बोट उचललं. इकडे नेलं, तिकडे नेलं. दाखवायला काहीच सापडेना! मग असे खदखदून हसले की भोयांना पालखी खाली ठेवावी लागली.

"हरलो बाई! वेठ माफ, कायमची माफ! आणि तुला काय हवं ते माग!"

"मला आता घरी जाऊ द्या जी. आम्ही दोघं इकडे, तिकडे आमचं भात झडतंय!"

राजांनी हातातलं सोन्याचं कडं काढून तिला दिलं, आणि लवाजम्यातली चाळीस माणसं विळे देऊन तिच्यामागे शेतावर धाडली.