व्याह्यांचं खिंडार

या बंधाऱ्यात मधोमध खिंडार दिसतंय ना, ते पुराने पाडलेलं नाही. ते बुजवायला आमच्या जुवेपाट गावात कुणी हात लावू देत नाही. होडीत नीट बसा, हलू नका, म्हणजे मला सांगता येईल.

फार पूर्वी हा खालचा मुलूख एका राजाचा आणि वरचं कातळगाव दुसऱ्याचं. नदी तेवढी एकच. खाडीतून वर चढणारी मासळी आपल्यालाच मिळावी म्हणून आमच्या फोंडू तांडेलाने हा बंधारा घातला, असं सांगतात. वर मासे येईनासे झाले. कातळगावचा मुखिया भिवा. त्याची लेक आवडी याच फोंडूची सून. पण पोटाला चिमटा बसला की सोयरीक कोण बघतो! कातळगावच्यांनी डोहात शेराच्या झाडाचा चीक ओतायला सुरुवात केली. त्याने मासे गुंगून वर येतात, आणि पाणी विषारी होतं. ते जाईल परक्या राज्यातून समुद्रात, आपल्याला काय त्याचं, असं भिवाच म्हणाला म्हणे.

व्याह्यांत धुसफूस, म्हणून आवडीला बाळंतपणाला माहेरी पाठवलंच नाही. मुलगा झाला. बारशाला भिवा आला. मूल होईपर्यंत बाप लेकीच्या घरचं पाणी पीत नाही, ही तेव्हाची रीत. आवडीने हौसेने नदीच्या पाण्याचा तांब्या पुढे केला. "बाबा, आता तरी प्या."

भिवाचा हात थांबला. आदल्या दिवशीच चीक ओतला होता. आणि येताना त्याने पाहिलं होतं, पाणी समुद्रात गेलंच नव्हतं, बंधाऱ्याशी तुंबलं होतं. गप्प राहावं तर ओली बाळंतीण लेक तेच पाणी पिणार. बोलावं तर परमुलखात गुन्हेगार ठरणार, आणि लेकीला कायमची माहेरी धाडतील. शेवटी सगळ्यांदेखत म्हणाला, "पोरी, हे पिऊ नकोस. यात आमच्या हातचं विष आहे."

फोंडू तापट माणूस, आता सुनेला हाकलणार असंच लोकांना वाटलं. त्याने कोपऱ्यातली पहार उचलली. "विष तुमचं, व्याही. पण कोंडून धरलंय मी," म्हणाला, आणि बंधाऱ्यावर जाऊन दगड उपसू लागला. भिवाही पाण्यात उतरला. दोघांनी मिळून हे खिंडार पाडलं. बारशाला पाणी डोंगरातल्या झऱ्यावरून आणलं. भिवा मात्र तहानलेलाच परत गेला. पुढल्या वर्षी, चीक ओतणं थांबून नदी निवळल्यावर आला, तेव्हा लेकीच्या हातचं प्यायला.

आजही दरवर्षी कातळगावचा एक बाप खाली येतो, आणि इथं दिलेली त्याची लेक या खिंडाराशी नदीचं पाणी भरून त्याच्या हातात देते. यंदा तो मान माझ्या सुनेचा. पण वर कसले कसले कारखाने झालेत, पाण्याला वास मारतो, आणि इकडे आमच्याच पोरांनी खिंडाराला जाळी लावलीत. राजे गेले, खोडी तेवढ्या राहिल्या. काल सून विचारत होती, "मामंजी, बाबांना हे पाणी देऊ कसं?" आज सकाळी जाऊन जाळी तेवढी कापून आलो. उद्या तिचा बाप येतोय. तांब्या हातात घेऊन तो काय बोलतो, बघायचं.