मैनाक्काची घागर

फार वर्षांपूर्वी, राजेपेठेच्या तटाचे सगळे दरवाजे शाबूत होते तेव्हाची ही गोष्ट. शहराला पाणी यायचं ते चार कोसांवरच्या डोंगरातून, जमिनीखालच्या खापरी नळाने. वाटेत सात गावं, आणि प्रत्येक गावाच्या शिवारात नळाचा एक उसासा. उसासा म्हणजे नळाला वारा मिळावा म्हणून बांधलेला, उघड्या तोंडाचा दगडी हौद. नळ खोदला गावकऱ्यांनी, जमिनी गेल्या त्यांच्या; म्हणून उसाशातून घागरी भरायचा हक्कही त्यांना दिलेला होता.

या नळाची राखण मैनाक्का कोळीण करायची. जमिनीला कान लावून ती सांगायची, गाळ कुठे साचला, झाडाची मुळी कुठे शिरली. तिचा कान कधी चुकला नाही, असं म्हणतात.

एके वर्षी सुभेदाराच्या मुलीचं लग्न निघालं. पाहुण्यांना दाखवायला वाड्यापुढे पुरुषभर उंच उडणारं कारंजं हवं होतं. पाणी काही तेवढं चढेना. मग दोष कुणाचा? गावांच्या घागरींचा! ज्यांच्या शिवारातून नळ गेला, त्याच बायका पाणीचोर ठरल्या. सुभेदाराने सातही उसाशांवर शिळा ठेवून चुन्याने तोंडं लिंपायचा हुकूम सोडला.

मैनाक्का तडक वाड्यावर गेली. वाऱ्याची वाट बुजवली तर पाणी नळातच अडेल, हे तिने परोपरीने सांगितलं. पाण्याला काय नाक असतं का, असं म्हणून सुभेदार हसला, म्हणून कारभारीही हसले. एकानेही जन्मात कधी घागर उचलली नव्हती.

उसासे लिंपले गेले. सात गावांच्या बायका डबक्यातलं पाणी गाळून पोरांना पाजू लागल्या. इकडे ऐन लग्नात कारंजं दोनदा थुंकलं आणि बंद पडलं. शहराचे हौदही आटले. झालं, मैनाक्कानेच करणी केली म्हणून तिला धरून भर मांडवात उभं केलं. वेशीजवळचा एक उसासा उघडून देतो, कारंजं चालू कर, वर लुगडं-चोळी घे, असं सुभेदार म्हणाला.

"येक न्हाई, साती उघडा," मैनाक्का म्हणाली. "आन् पयली घागर गावाची. त्याबिगर पानी हलायचं न्हाई."

त्याने तिला वेशीबाहेर घालवलं. ती थेट डोंगरातल्या झऱ्याशी गेली, नळाच्या तोंडाशी ओणवी झाली आणि छातीतला सगळा श्वास तिने नळात फुंकला. पहिल्या गावची शिळा उडाली, मग दुसऱ्याची, मग तिसऱ्याची. सातवी उडाली तेव्हा शहराच्या हौदात पाणी आलं, असं म्हणतात. मैनाक्का पुन्हा कुणाला दिसली नाही. झऱ्याशी तिची घागर तेवढी सापडली, काठोकाठ भरलेली. त्या शिळा परत बसवायची मग कुणाची छाती झाली नाही.

राजेपेठेत आजही लग्नघरचं पाणी भरताना पहिली घागर त्या सात गावांतल्या बाईने भरायची असते. तिला मैनाक्काची घागर म्हणतात. लग्न सावकाराकडचं असो की आमदाराकडचं, ती बाई येईपर्यंत अख्खं वऱ्हाड तहानलेलं बसतं. बसू दे.