दोन्ही कडा सरळ

टापटिपीच्या भक्तांनो, नीटनेटकं दिसावं म्हणून तुम्ही कुणाचाही आवाज दाबता, आणि वर त्यालाच शिस्त म्हणता!

झाडांना संगणकाचे पडदे टांगलेले असत, तेव्हाची ही गोष्ट. डोहाकाठच्या जांभळीवर असाच एक पडदा होता आणि त्यावर पाणवठ्यांची स्प्रेडशीट असे. डोहात मगर आली होती, म्हणून एका चौकटीत लिहिलं होतं, 'पिल्लांना या डोहात उतरवणं सध्या सुरक्षित नाही.'

चौकटीला मात्र चिंता कडांची. "शेजारचे आकडे बघा, कसे रांगेत उभे! आणि माझ्या ओळी उजवीकडून कुरतडल्यासारख्या. चला रे, दोन्ही कडांना टेका!"

शब्द अंग ताणून उभे राहिले. शेवटच्या ओळीत एकटा 'नाही' उरला. "ताई, मी एकटा दोन्ही कडा कसा गाठू?"

"मग खाली दडून बस. माझी शोभा घालवू नकोस." चौकटीने आपली उंची आखडली आणि 'नाही' दिसेनासा झाला.

"अहो ताई, अर्थच उलटला की!" शेजारचा सात ओरडला.

"तू आकडा आहेस. बेरजेपुरतं बोल."

सकाळी हरिणी पाडसाला घेऊन आली. "किती सुबक लिहिलंय! सुरक्षित आहे रे, उतर."

चौकट कौतुकाने फुलली. पण पाडसाचा खूर पाण्याला लागला आणि तिला मगर आठवली. तिने झटकन अंग सैल सोडलं. तळाशी एकटाच 'नाही' पुन्हा दिसू लागला. तो वाचताच हरिणीने पाडसाला ढुशी देऊन काठावर लोटलं.

पाण्यातून दोन डोळे वर आले. "छे," मगर पुटपुटली, "मघाशी किती छान दिसत होती ती चौकट!"