सुरंगीचं काम

"...आणि तरीही हे थांबत का नाही, बाबा?"

विश्राम थिटेनं पाण्याचा तांब्या उचलला. बोलून घसा कोरडा पडला होता. वीटभट्ट्या, गालिच्यांचे माग, कोकोच्या बागा, अभ्रकाच्या खाणी. जगात कुठे कुठे लहान मुलांना गुलामासारखं राबवतात, ते त्यानं देशवार सांगून संपवलं होतं. बोलण्यात तो पटाईत होता, आणि हे त्याला ठाऊकही होतं.

सोमगीर बाबा भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते.

घाटाखालच्या या मठात विश्राम तरुणपणी बाबांपाशी शिकला होता. पुढे त्यानं संस्था काढली, भट्ट्यांवर धाडी घालायला लावल्या, मुलं सोडवली. आता परदेशात बालमजुरीविरुद्ध जागतिक परिषद भरणार होती. तिथं बोलायचं आमंत्रण आलं, तसा निघण्याआधी तो आशीर्वादाला आला.

सोबत सुरंगी होती. वीटभट्टीवरून सोडवलेली, आता संस्थेच्या वसतिगृहात राहणारी, दहा-अकरा वर्षांची पोर. परिषदेत तीही बोलणार होती. खरं सांगायचं तर आमंत्रण तिच्यामुळेच आलं होतं, पण ते विश्रामला कोण सांगणार?

"हिचं एकदा ऐकाच, बाबा. सुरंगी, बाबांना सांग."

सुरंगी लगेच उठली. फ्रॉक सारखा केला, भिंतीपासून थोडी पुढे येऊन उभी राहिली, आणि दाराच्या चौकटीवर नजर लावली.

"माझं नाव सुरंगी. मी लहान होते तेव्हा आम्हाला भट्टीवर आणलं. झुंजुमुंजू व्हायच्या आत उठून मी चिखल तुडवायचे. ओल्या विटा डोक्यावरून वाहायचे. अंगात ताप असला तरी मुकादम मला..."

इथे ती थांबली. थांबायची जागा ठरलेली असावी, कारण विश्रामनंही त्याच क्षणी मान खाली घातली.

मग सुरंगीनं दोन्ही तळहात पुढे केले.

बाबांनी तळहात पाहिले नाहीत. त्यांत मूठभर शेंगदाणे ठेवले.

"बस, बाय. मठात मुलांना काम सांगत नाहीत."

सुरंगी गोंधळली. हातांचं आता काय करायचं, ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिनं विश्रामकडे पाहिलं.

"खा," तो म्हणाला. मग बाबांकडे वळला. "हे काम नव्हे, बाबा. ही तिची स्वतःची हकिकत आहे. लोक ऐकून रडतात. हिच्या भाषणानंतर आमच्या जिल्ह्यातल्या भट्ट्या तपासल्या गेल्या. मुलं सुटली."

"सुटली ते फार चांगलं झालं," बाबा म्हणाले. त्यांना ते मनापासून वाटत होतं.

"मग?"

"शाळेत जाते का ही?"

उत्तर सुरंगीनंच दिलं. "जाते की. दौरा नसला की जाते."

विश्राम जरा अवघडला. "तिला आवडतं, बाबा. जबरदस्ती नाही. सुरंगी, तुला सांगायला आवडतं ना?"

"हो, दादा."

बाबांनी सुरंगीला जवळ बसवून घेतलं.

"भट्टीवर साहेब लोक यायचे का गं?"

"यायचे. गाडी दिसली का आम्ही चिखलातून बाहेर पळायचो."

"तुला काय विचारायचे?"

"हितं काम करतेस का, म्हणून."

"तू काय म्हणायचीस?"

"नाय म्हणायचे. आईला भाकर द्यायला आलेय, असं म्हणायचे."

"असं कुणी सांगितलेलं?"

"मुकादमानं."

"आणि आता विचारलं तर?"

सुरंगीनं विश्रामकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"आता हो म्हणायचं," ती म्हणाली.

...

"म्हणजे मी आणि तो मुकादम सारखेच?" विश्रामचा आवाज चढला. त्याचा राग खोटा नव्हता. या कामापायी त्यानं मार खाल्ला होता, नोकरी सोडली होती, घरच्यांशी वाईटपणा घेतला होता. एवढं करून हे ऐकायचं, तर कुणालाही लागेल.

"छे," बाबा म्हणाले. "तो हिला मारायचा. तू जीव लावतोस, पोटभर जेवू घालतोस. त्याच्यापासून पळून तरी जाता येत होतं."



बाबांनी सुरंगीला विचारलं, "तुला आत्ता काय करायचंय?"

असा प्रश्न तिला नवा होता. तिनं तो नीट ऐकून घेतला. मग दाराकडे पाहिलं.

"बाहेर जाऊ?"

विचारलं बाबांनी होतं. तिनं परवानगी मागितली ती विश्रामकडे.

तिच्या पासपोर्टसाठी विश्रामनं किती खेटे घातले होते, ते त्याचं त्यालाच माहीत. विमानाची तिकिटं आली होती. परिषदेच्या पत्रिकेवर तिचा फोटो छापून झाला होता. ती नसेल तर आपल्याला तिथं कोण ऐकणार, हा विचारही त्याच्या मनात आला. लपवून काय उपयोग, तो आलाच.

"जा," तो म्हणाला.

सुरंगी उंबऱ्यापर्यंत गेली आणि वळली.

"परत भाषणाला कवा बोलवाल?"

...

"नाही बोलवणार," विश्राम म्हणाला.

"त्या विमानाच्या गावाला?"

"तिथंही नाही. राहू दे ते आता."

तिचा विश्वास बसला नाही. थोडा वेळ तशीच उभी राहिली. तो आणखी काही बोलत नाही असं पाहून मग बाहेर गेली.

अंगणापलीकडे पाण्याचा पाट होता. ती काठावर बसली. पाय पाण्यात सोडले, आणि बसूनच राहिली.

विश्राम दारातून तिच्याकडे पाहत होता. डोळे भरून आले ते त्यानं पुसले नाहीत.

"मी एकटाच उभा राहीन तिथं," तो म्हणाला. "पहिला प्रश्न हाच येईल, बाबा. ती मुलगी सध्या काय करते? काय सांगू त्यांना?"

"सांग," बाबा म्हणाले, "काही करत नाही."