बंदूक, गुंडाळी आणि थाप

टीव्हीला पाठीमागे मोठं कुबड असायचं, तेव्हाची गोष्ट.

त्या कुबडात एक बंदूक राहायची. विजेचे इवले इवले कण ती पुढच्या काचेवर सोडायची. कण जिथे आपटायचा तिथे काच चमकायची. वाटेत, कण ज्या काचेच्या नळीतून धावायचे तिच्या मानेभोवती, तांब्याच्या तारेची एक गुंडाळी बसलेली होती. वीज आली की तिचं चुंबक व्हायचं. धावत्या कणांना ती वेग द्यायची नाही, थांबवायचीही नाही. कुणाला वर, कुणाला खाली, नुसतं वळवायची, आणि काचभर चित्र उमटायचं.

बंदुकीचा जळफळाट व्हायचा. पोरं माझी, वेग मी दिलेला, आणि ऐकतात मात्र हिचं!

एका संध्याकाळी तिने तोंड सोडलं. "माझ्या पोरांच्या वाटेत येऊ नकोस."

"बरं बाई," म्हणत गुंडाळीने वळवणं सोडून दिलं.

सगळे कण नाकासमोर गेले. बंदुकीला स्वर्ग दोन बोटं उरला. पण काचेवर मधोमध एकच पांढरा ठिपका राहिला. बाहेर बातम्यांसाठी जमलेली माणसं कुरकुरायला लागली. काच कळवळली, "अगं, एकाच जागी किती चटके देशील?"

शेवटी बंदूक पुटपुटली, "घे, वळव त्यांना."

नेमकी त्याच वेळी घरमालक विसूकाकांनी टीव्हीच्या डोक्यावर थाप मारली. चित्र आलं.

"काकांच्या हातालाच गुण आहे," शेजारच्या इंदूवहिनी म्हणाल्या.

तेव्हापासून बंदूक गुंडाळीवर जळत नाही. दोघी मिळून त्या थापेवर जळतात.