शिळा कौल

विधान परिषदेचे एक तृतीयांश सदस्य दर दोन वर्षांनी निवृत्त होतात. यंदा त्या सगळ्या जागा मंत्री भुजंगराव घोरपडे यांच्या पक्षाने जिंकल्या. पहिल्याच बैठकीत विरोधी सदस्या कुमुदिनीताई सोनटक्के यांनी विचारलं, "आमच्या तालुक्यातलं प्रसूतिगृह बंद का? वाटेतच दोन बाळंतिणी दगावल्या."

मंत्री हसले. "ताई, मतदारांचा ताजा कौल पाहिलात ना? तुमचा चार वर्षांचा शिळा. राजीनामा द्या."

ताई शांतपणे म्हणाल्या, "देते, सभापती महोदय. पण मंत्रिमहोदय आणि मी या सभागृहावर एकाच दिवशी निवडून आलो. ते वयाने मोठे, तेव्हा पहिला मान त्यांचा."

सभागृहात हशा पिकला. सभापतींनी विचारलं, "मंत्रिमहोदय, राजीनामा देताय की उत्तर?"

मंत्र्यांनी मुकाट्याने उत्तराची फाईल उघडली.